कुर्लीबेटाची पारध

"ह्या बेट," म्हणत इनासनं आमच्या सारवलेल्या खळ्यात नारळाची तीन सोडणं उपडी ठेवली. "हे तीन डोंगर. मधी ही घळ. घळीच्या तोंडाक पाण्याचा टाका." टाक्याच्या जागी त्यानं कालवाची एक मोठी शिंपली ठेवली. "चितळां सकाळच्या हय पाण्याक येतत. माझ्या डोळ्यांनी बघलंय. शिंगां अशी, धाकूदादा, की झाडात अडाकतत."

"शिंगां मगे बघू," मधू गावकर म्हणाला. "वारो खयसून येता ता सांग."

सगळे पुरुष त्या सोडणांभोवती उकिडवे बसले होते. माझे वडील, आबा, तेवढे मांडी घालून बसले होते. त्यांनी हात पुढे केला, एकेक सोडण चाचपलं, दोन सोडणांमधली घळ बोटांनी मापली आणि शिंपलीवर अंगठा ठेवला.

"बंदूक हय ऱ्हवतली," ते म्हणाले. "टाक्याच्या वरच्या अंगाक. बाकीच्यांनी तिकडसून रान उठवूचा. बोंबलूचा नाय, नुसतो पायाखालचो सुको पातेरो वाजवीत येवचा. चितळ घळीतसून सरळ माझ्या समोर येतला."

"आणि धाकूचो बार फुकट जाणा नाय!" इनासनं वाक्य पुरं केलं. सगळे हसले.

मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. म्हणजे सूप मांडीवर होतं. त्यातले खडे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या दातांखाली आले, हे काशीआतेनं मला पुढं कितीतरी दिवस ऐकवलं.

आमच्या खाजणवाडीच्या किनाऱ्यावरून कुर्लीबेट रोज दिसत नसे. हवा स्वच्छ असली तर दूर पाण्यावर पालथ्या कुर्लीसारखं, म्हणजे खेकड्यासारखं, काहीतरी काळं दिसायचं. कुणा संस्थानिकानं फार पूर्वी स्वतःच्या शिकारीसाठी तिथं चितळं सोडली होती. पुढं संस्थान गेलं, राखणदार गेला, चितळं राहिली आणि वाढली. मी सांगते आहे तो काळ शिकारबंदीच्या आधीचा. परवाना काढला की झालं, आणि तो मधू गावकरानं तालुक्याला चपला झिजवून काढला होता. मधू गावचा मानकरी. त्याच्याशिवाय आमच्या गावात पाऊसही पडायला लाजत असे, असं आते म्हणायची. होडी इनासची होती. बंदूक आबांची, सबंध वाडीत एकच, ठासणीची, आणि तिचं लायसन धाकू परब या नावाचं. दुसऱ्या कुणी ती चालवायची नाही.

आबांनी डुकरं पुष्कळ मारली होती. भातात डुक्कर शिरलं की लोक आमच्या दारात येत. हरण मात्र त्यांनी कधी मारलं नव्हतं, वाडीतल्या कुणीच मारलं नव्हतं. त्यामुळं त्या फाल्गुनात दुसरं बोलणंच नव्हतं. शिमगा उरकला की वारं फिरायच्या आत जायचं, असं ठरलं होतं.

आई माझ्या लहानपणीच गेली. भाऊ मला नव्हता. आबांची विधवा बहीण काशीआते घर सांभाळायची आणि मी आबांची बंदूक सांभाळायची. दारू किती ओतायची, छर्रे किती, गज किती जोरानं ठासायचा, हे माझ्या हाताला चुलीपेक्षा जास्त ठाऊक होतं. राखणीच्या माळ्यावर मी त्यांच्या शेजारी बसत आले होते. आणि त्या वर्षी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. स्थळ घाटाच्या पायथ्याचं होतं, जिथं समुद्राचा वाराही पोचत नाही. एकदा तिकडं गेले की मी कसली होडीत बसते! लग्नाआधी एकदा त्या बेटावर पाय ठेवायचा आणि ती चितळं बघायची, याचं मला वेड लागलं होतं. मागायचं कुणाजवळ? पारधीला बायलमाणूस नेत नाहीत. मी दिवसातून दहा वेळा काहीतरी निमित्त काढून किनाऱ्यावर जायची आणि बेट दिसतं का बघून यायची. घरात बूड टेकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खळं सारवायचं म्हणून मी ती सोडणं उचलली. सारवण वाळल्यावर परत मांडली, पण मांडताना शिंपली भलत्याच बाजूला गेली. ते माझ्या ध्यानातही आलं नाही. थोड्या वेळानं आबा बाहेर आले, सोडणांपाशी बसले आणि जमिनीवर बोट टेकून मला म्हणाले, "ह्या टाक्याच्या वर बसूक एक बरोसो दगड गावाक व्हयो."

त्यांचं बोट नुसत्या शेणावर होतं. शिंपली तिथून हातभर लांब होती.

"आबा, शिंपली खय आसा?"

"ही काय." त्यांनी बोट दाबलं, मग सरकवलं, मग पूर्ण पंजा फिरवायला लागले. शिंपली सापडेपर्यंत त्यांनी दोन सोडणं आडवी केली. "कोणी हलयली?"

माझ्या हातात केरसुणी होती. ती मी त्यांच्यासमोर धरली. "माझ्या हातात काय आसा, सांग."

"मस्करी करतंस माझी?"

"सांग मरे."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे आवाजाकडे. "सूप," ते म्हणाले.

आबांनी आधी मान वळवून आते जवळपास आहे का याचा कानोसा घेतला.

"उजेड कळता," ते हळू म्हणाले. "माणूस हलला तर काळा कायतरी हलला इतक्या कळता. बाकी सगळा धुक्यासारखा."

"कधीपासना?"

"गेल्या पावसापासना."

"आणि आतेक सांगूक नाय?"

"काशीक सांगलंय तर वाडीत दवंडी मारूची गरज नाय."

"मगे बेटार जातंस कसो?"

यावर ते हसले. ते हसू मला अजून आठवतं, कारण ते लबाड होतं. "तुझ्या डोळ्यांनी," ते म्हणाले.

सगळं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मी बंदूक ठासायला म्हणून बरोबर यायचं, त्यांच्या पाठीशी बसायचं आणि कानात सांगायचं. चाप ते ओढतील. मला वाईट वाटायला हवं होतं आणि ते वाटलंही, पण त्याच्या आधी मला आनंद झाला. माझ्या बापाची दृष्टी गेली होती आणि मी बेटावर जाणार होते. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात मावत नव्हत्या, म्हणून मी केर काढायला लागले, काढलेलाच केर पुन्हा काढला.

दुपारी वाडी कलंडली की आम्ही काजूच्या बागेत जायचो. मी एक करवंटी फांदीला टांगायची आणि आबांच्या मागं उभी राहून सांगायची, "उजव्यान वायच. अजून. वर. वायच खाली. हां." पहिला बार फुकट गेला. दुसऱ्या दिवशी करवंटीचे तुकडे झाले. आबांनी तुकडे हातात घेऊन चाचपले आणि मोठ्यांदा हसले. त्यानंतर आमचं जमत गेलं. मला तर वाटायला लागलं की बंदूक मीच चालवते आहे, आबांचा फक्त खांदा आहे. मनातल्या मनात मी दोन चितळं मारून, मिठात घालून, होडीत भरून आणलीसुद्धा.

आता पुरुषांना सांगणं उरलं होतं. ते आबांनी पुढच्या बैठकीत सांगितलं, विडा जुळवता जुळवता, जणू मिठाची पुडी न्यायची आहे.

"बंदूक ठासूक द्वारकी येतली."

मधू गावकराच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "बायलमाणूस? पारधीक?"

"माझ्या होडयेत बायको चढता, मेवणी चढता," इनास म्हणाला. "अजून बुडाक नाय."

"तुझी होडी गेली खड्ड्यात! बंदुकेचा काय?" मधू आबांकडे वळला. "धाकू, तुका माझ्यापेक्षा जास्त ठावक आसा. देवाक गाऱ्हाणा घातलेल्या बंदुकेक इटाळ झालो तर ती वर्षभर देवळातल्या तुळयेर पडान ऱ्हवतली. तुझ्याच आज्याच्या टायमाक झालेला."

"होय. झालेला."

"मगे? मी ठासतंय तुझी बंदूक."

"तू गज उलटो घालतंस," आबा म्हणाले. "द्वारकी नाय तर मीय नाय."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. आबा लेकीचे लाड करतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण इतके? मला त्यांच्या पाठीमागून सगळ्यांची तोंडं दिसत होती आणि आबांना ती दिसत नव्हती, म्हणून ते इतके निर्धास्त बसले होते.

शेवटी मधूनं त्याचं हुकमी पान टाकलं. "देवाक इचारू. देव सांगात ता खरा."

आमच्याकडं अडलेल्या गोष्टीचा निवाडा रवळनाथ करतो. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव आपल्यातलाच आहे असं मधूला वाटत असावं, कारण तो छाती काढून उभा होता. मी खांबाआड होते. गुरवानं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या धाकू परबाचा चेडू..." आणि त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली पडली. गुरवानं बिचाऱ्यानं उरलेलं वाक्य पाकळी पडल्यावर म्हणून टाकलं. इनास ख्रिस्ती, त्याला देवळात यायचा काही संबंध नव्हता, तो बाहेर पारावर उभा होता. त्यानं तिथून टाळी वाजवली.

"वाघिणीक सासरी कसा नांदवतले कोण जाणे," आते म्हणाली, पण माझ्या दशम्यांत गूळ तिनं सढळ हातानं घातला. मीठ, पाण्याचा बुधला, सुके बांगडे, होडीत अंथरायला घोंगडी. मी गाठोडं बांधायची आणि सोडायची. देवानं होय म्हटल्यावर तर मला जेवणही जाईना. माझ्यासारखी बाई वाडीत आधी झाली नव्हती आणि पुढं होणार नव्हती, असा ताठा अंगात आला होता. खोटं कशाला सांगू, छान वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आबा म्हणाले, "चल, शेवटची एक करवंटी फोडूया." आम्ही बागेत गेलो. मी बंदूक ठासली, टिकली बसवली आणि त्यांच्या हातात दिली. करवंटी टांगायला मी वळणार, तोच डाव्या अंगाला खाली उतरणीवर वाळला पाला वाजला. खसखस, थांबलं, परत खसखस.

आबा वळले. मी आजवर माणूस इतक्या झटकन वळलेला बघितला नव्हता. बंदूक खांद्याला लागली, घोडा मागे गेला, सगळं एका श्वासात. चाळीस वर्षांची सवय होती ती, तिला डोळे लागतच नव्हते. मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं आणि उतरणीवरच्या करवंदीच्या जाळीमागं मला निळं लुगडं दिसलं.

शब्द तोंडातून निघालाच नाही. मी हातानं नळी वर मारली. बार काजूच्या शेंड्यात गेला आणि पानं आमच्या डोक्यावर पडली.

जाळीमागून आते उठली. डोक्यावर पातेऱ्याची टोपली तशीच. "मेल्या! सख्ख्या भयणीक मारतंस? पातेरो गोळा करतंय तो काय मस्ती म्हणान? चूल तुझो बापूस पेटयतलो?"

"डुक्कर वाटलो," आबा म्हणाले.

"डुकराक लुगडा नेसलेला बघलंस कधी?"

ती बडबडत घरी गेली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. भावाचा नेम चुकला याचंच तिला नवल वाटलं असेल. माझ्या तळहाताला नळीचा चटका बसला होता. मी तो हात पदरात गुंडाळला.

"आबा, नको जावया."

"कित्याक?"

"तू माझ्या आधी घोडो ओढलंस."

"सवय ती. उद्या तसा करूचंय नाय."

"उद्या सगळे पातेरो वाजवीतच येतले. तूच सांगलंस तेंका. इनास येतलो, मधूकाको येतलो. त्या झाडीत माका काय दिसतला नि कधी सांगतलंय?"

आबांनी बंदुकीची नळी फडक्यानं पुसायला घेतली.

"सगळी वाडी उद्या बंदरार येतली," ते म्हणाले. "तेंका काय सांगू, द्वारके? धाकू परब आंधळो झालो म्हणान सांगू? उद्या सांगलंय तर परवा लायसन जातला. मगे ही चार माणसां दारात येतत तीय येवची नाय." मग पुन्हा फडकं फिरवत म्हणाले, "आणि तू आसस मा."

मी होते. पण माझी जीभ त्यांच्या बोटापेक्षा हळू होती, आणि हे मला आता माहीत होतं. संध्याकाळपर्यंत मी घर, विहीर, किनारा अशा फेऱ्या घालत राहिले. खरं सांगावं तर आबा माणसातून उठतात. न सांगावं तर इनास, नाहीतर मधू गावकर, कुणीतरी घरी परतत नाही, आणि मग आबा माणसातून उठतात ते वेगळंच. मी आजारी पडल्याचं सोंग करावं तर आबा हट्टानं एकटे जातील, मधूला गज उलटा घालायला देतील, पण जातील. त्यांचा ताठा मला माहीत होता, तोच माझ्यातही उतरला होता. त्या दिवशी बेट इतकं स्वच्छ दिसत होतं की मधली घळसुद्धा ओळखता येत होती.

सकाळी खरोखरच सगळी वाडी बंदरावर होती. इनासची होडी पाण्यात डुलत होती. वाळूवर केळीच्या पानावर बंदूक ठेवली होती, वर जास्वंदीचं फूल. माझं गाठोडं होडीत चढलं होतं. गुरवानं नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज पारधीक निघाली आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"जाताना बरी जावंदेत, येताना बरी येवंदेत..."

"व्हय म्हाराजा!"

"जा कोण आडवा येयत तेका बाजूक कर..."

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. "द्वारके," आबा म्हणाले, "बंदूक घे."

मी पुढे झाले. फूल बाजूला केलं, बंदूक उचलली आणि छातीशी धरली. होडीकडं न जाता तिथंच उभी राहिले. आवाज मोठा निघायला हवा होता, आणि निघाला.

"माका कावळो शिवलो."

गुरव मागे सरला आणि त्याच्यामागं सगळेच, जणू माझ्या पायाशी फुरसं निघालं होतं. पुरुष खाली बघायला लागले. असली गोष्ट कुठली मुलगी बंदरावर ओरडून सांगते? घरातही ती आतेच्या कानात सांगायची असते.

"कधी?" मधू गावकरानं विचारलं.

"आताच."

"आणि तरी बंदूक उचललंस? गाऱ्हाणा घातलेली?"

"उचललंय."

त्याचं तोंड लाल झालं. काय काय बोलला तो! रांड, अवदसा, कुळबुडवी. परवाना, तालुक्याच्या खेपा, वाडवडील, सगळं बाहेर आलं. "देवान कौल दिल्यान म्हणान गप बसलंय! आता वर्षभर बंदूक तुळयेर! झाली पारध! मोडलंस!" इनासनं त्याला धरून मागं ओढलं. इनासच्याही डोळ्यांत माझ्यासाठी राग होता. तो मला जास्त लागला, कारण तोच एकटा माझ्या बाजूनं बोलला होता.

काशीआते बायकांत पुढं उभी होती. "गो बाय," ती म्हणाली, "तुका तर गेल्याच आठवड्यात..." आणि थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. जन्मात पहिल्यांदा काशीआतेनं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

आबा वाळूत उभे होते, तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला. इनासनं माझं गाठोडं होडीतून उचललं आणि वाळूवर ठेवलं, हातात न देता.

बंदूक देवळात तुळईवर गेली. पुढच्या शिमग्यापर्यंत ती तिथंच राहिली, आणि ती उतरेपर्यंत आबांना दिसत नाही हे हळूहळू सगळ्यांना आपोआप कळलं, म्हाताऱ्या माणसाला होतं तसं. कुणी त्याचं नवल केलं नाही. माझं नाव मात्र जे पडलं ते पडलं. माहेरी गेले की अजून कुणी ना कुणी नव्या सुनेला दाखवतं, "ही ती, पारध मोडणारी द्वारकी." सासरी ते नाव माझ्या आधी पोचलं होतं. कुर्लीबेटावर मी कधीच गेले नाही. मधू गावकर मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही, पण मरेपर्यंत म्हणजे पुष्कळ वर्षं, आणि मेला तो त्याच्या अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात. इनासचंही तसंच.

पण मला सांगायचं आहे ते पारध मोडल्याच्या दुसऱ्या दिवशीचं.

एकदा तोंडातून निघाल्यावर सोंग पुरतं वठवणं भाग होतं. मी घरामागच्या मांगरात बाहेरची म्हणून बसले. मांगर म्हणजे लाकूडफाटा ठेवायची खोपी. तिचं दार समुद्राकडं होतं. आते लांबून पान सरकवायची आणि न बोलता जायची, जे तिला किती जड गेलं असेल देव जाणे. पाण्याला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून मला बघून जात. मला रडू येत होतं, पण ते बेटासाठी होतं, नावासाठी नव्हतं. दशम्या तशाच गाठोड्यात होत्या. त्या मी एकेक करून खाऊन टाकल्या.

दुपारी पावलं वाजली. आबा भिंतीला हात लावत लावत मांगराकडं येत होते. उघड उघड भिंत चाचपत ते पहिल्यांदाच चालत होते.

"आबा, हय नको येव," मी म्हटलं. "मी भायेरची आसंय."

ते आवाजाच्या रोखानं आले, वाकले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तो खाली आणला, माझा उजवा हात शोधला आणि उलटा करून तळहातावरचा चटका अंगठ्यानं चाचपला.

"शिवलंस माका," मी म्हटलं. "आता आंघोळ करूक व्हयी तुका."

"कित्याक?" आबा म्हणाले.

ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले, अगदी खांद्याला खांदा लावून, राखणीच्या माळ्यावर बसायचो तसे. समोर समुद्र होता. ऊन इतकं होतं की पाण्याकडं बघवत नव्हतं आणि बेटाचा कुठं पत्ता नव्हता.

"बेट दिसता?" त्यांनी विचारलं.

"दिसता."

"तीनय डोंगर?"

"तीनय. मधली घळ पण दिसता."

"आणि टाका?"

"टाक्यार चितळां इलीत," मी म्हटलं. "चार मादयो आणि एक मोठो नर. शिंगां झाडात अडाकतत, इनास सांगा तशी."

आबा ताठ बसले. त्यांनी दोन्ही रिकामे हात वर उचलले, डावा पुढं, उजवा गालाशी, आणि थांबले. माझी वाट बघत थांबले.

"उजव्यान वायच," मी म्हटलं. "अजून. वर. हां."

त्यांचं बोट हललं नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतले.

"जावंदे," ते म्हणाले. "पाणी पिवंदेत तेंका."